निळ्या केसांचा स्टीवो हार्वर्डला का गेला?

१९८५ साल. अमेरिकेतल्या युटा राज्यातली काही पोरं गाडी काढून शेजारच्या वायोमिंग राज्यात निघालीत. कारण एकच, बिअर. सॉल्ट लेक सिटी या त्यांच्या गावात बिअर मिळते, पण वाणसामानाच्या दुकानातली ती बिअर वजनाने जास्तीत जास्त ३.२ टक्के मद्यार्काची. त्याहून कडक काही हवं असेल, तर सरकारी दुकानाच्या दारात उभं राहायचं. म्हणून हा सगळा प्रवास. त्यातल्या एकाचे, स्टीवोचे, केस निळे, डोक्यावर उभे केलेले. महामार्ग, दोन्ही बाजूंना ओसाड डोंगर, आणि मोकाट सुटलेली पोरं.

'एसएलसी पंक' या चित्रपटातला हा प्रसंग मी पहिल्यांदा एकविसाव्या वर्षी होस्टेलच्या खोलीत पाहिला. कॉम्प्युटर एकच, बघणारे सात-आठजण. सीडी कुणाकडून आली होती देव जाणे, पण ती शेवटी शेवटी अडकायची. नायक डोकं भादरून उभा राहतो तिथे चित्र गोठायचं, की आम्ही उठायचो. आम्हाला तो चित्रपट म्हणजे बंडाचा जाहीरनामा वाटला होता, आणि शेवट म्हणजे दगाफटका. आता बावीस वर्षांनी तो पुन्हा पाहिला, या वेळी अखेरपर्यंत, आणि लक्षात आलं की तेव्हा आम्हाला फार थोडं कळलं होतं. पंक म्हणजे काय, सॉल्ट लेक सिटी हे काय प्रकरण आहे, 'पोझर' ही शिवी एवढी का झोंबते, हे ठाऊक नसेल तर हा चित्रपट नुसता गोंधळ वाटतो. म्हणून हा लेख. शेवट सांगणार आहे, त्याला इलाज नाही. चित्रपटाचं सगळं मर्म तिथेच आहे.

आधी पंकबद्दल. सत्तरच्या दशकाच्या मध्यावर रॉक संगीत फार मोठं झालं होतं. मोठी स्टेडियमं, महागडी वाद्यं, वीस-वीस मिनिटांची गाणी. वाजवणारे पट्टीचे कलाकार होते, त्याबद्दल वाद नाही. पण ऐकणाऱ्या सोळा वर्षांच्या पोराला 'हे आपल्यालाही जमेल' असं वाटण्याची सोय त्यात उरली नव्हती. मग न्यू यॉर्कमध्ये रामोन्स नावाचा चौघांचा बँड आला. १९७६ साली निघालेल्या त्यांच्या पहिल्या अल्बममध्ये १४ गाणी आहेत आणि ती सगळी मिळून अर्ध्या तासाच्या आत संपतात. त्याच वर्षी लंडनमध्ये सेक्स पिस्टल्स गाजू लागले. बेकारी वाढलेली, कारखाने बंद पडत चाललेले, आणि ही पोरं मंचावरून ओरडत होती की आम्हाला भविष्यच नाही.

१९७७च्या जानेवारीत एका छोट्या इंग्रजी पत्रिकेत हाताने काढलेलं एक चित्र छापून आलं. गिटारवर तीन कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे सुरांचे गट, कुठे बोटं ठेवून वाजवायच्या, एवढंच त्यात दाखवलं होतं, आणि खाली लिहिलं होतं की आता जा, बँड काढा. मला विचाराल तर पंकची याहून चांगली व्याख्या नाही. परवानगी मागायची नाही. येत नसलं तरी सुरू करायचं. गाणं स्वतः रेकॉर्ड करायचं, पत्रिका स्वतः छापायची. आपल्याकडची सायक्लोस्टाइल केलेली लघुनियतकालिकं ज्यांनी हाताळली आहेत, त्यांना ही ऊर्मी समजावून सांगायची गरज नाही.

फाटके कपडे, गालाला-कानाला सेफ्टी पिना, उभे रंगीत केस हे सगळं या ऊर्मीला चिकटून आलं. सेफ्टी पिन ही घरातली सगळ्यात स्वस्त, सगळ्यात बिनमहत्त्वाची वस्तू. ती दागिना म्हणून मिरवायची म्हणजे 'दागिना कशाला म्हणायचं हे तुम्ही ठरवू नका' असं सांगणं. पण गंमत किती लवकर संपली पाहा. १९७७ सालीच झँड्रा ऱ्होड्स या ब्रिटिश डिझायनरने खडे जडवलेल्या सेफ्टी पिनांचे महागडे पोशाख बाजारात आणले. डिक हेब्डिज या अभ्यासकाने १९७९ साली हे नेमकं मांडलं: तरुणांचा एखादा गट रोजच्या वस्तू उचलतो, त्यांचा अर्थ उलटा करतो, समाज दचकतो. मग बाजार तीच वस्तू उचलतो, धुऊनपुसून दुकानात मांडतो, आणि दचकणं संपतं. उरते फक्त वस्तू. चित्रपट बघताना हे ध्यानात ठेवा. स्टीवो निळे केस घेऊन फिरतो आहे तो १९८५मध्ये, म्हणजे त्या जडावाच्या पिना विकायला येऊन आठ वर्षं झाल्यावर.

मग १९८५मध्ये पंक होण्यात अर्थ तरी काय उरला होता? याचं उत्तर गावात आहे.

सॉल्ट लेक सिटी वसवली मॉर्मन या ख्रिस्ती परंपरेतून निघालेल्या पंथाच्या लोकांनी. १८४७ साली ब्रिगहॅम यंग यांच्या नेतृत्वाखाली छळाला कंटाळून पळालेले हे लोक वाळवंटातल्या त्या खाऱ्या सरोवराकाठी पोचले आणि तिथेच स्थिरावले. आजही पंथाचं मुख्यालय तिथेच आहे, आणि गावातल्या रस्त्यांचे क्रमांक त्यांच्या मंदिराच्या आवारापासून मोजायला सुरुवात होते. पंथाच्या शिकवणीत दारू, तंबाखू, चहा, कॉफी वर्ज्य. १९ वर्षांच्या मुलाने पांढरा शर्ट, टाय, बारीक कापलेले केस अशा वेशात दोन वर्षं धर्मप्रचाराला जायचं, ही त्या काळातली अपेक्षा. १९८४च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत परंपरावाद्यांचे लाडके रोनाल्ड रेगन यांना देशात सर्वाधिक टक्के मतं याच राज्याने दिली, जवळपास ७५ टक्के. लंडनमध्ये १९८५ साली निळ्या केसांकडे कुणी वळून पाहिलं नसतं. इथे मात्र प्रत्येकजण वळून पाहतो. बंडाला भिंत लागते, आणि स्टीवोच्या गावात ती भक्कम आहे.

बिअरच्या त्या ३.२ टक्क्यांमागेही इतिहास आहे. अमेरिकेत दारूबंदी होती, तेव्हा १९३३च्या वसंतात सरकारने एवढ्या हलक्या बिअरला मुभा दिली. त्याच वर्षी ५ डिसेंबरला बंदी उठवण्यासाठी लागणारी ३६वी आणि निर्णायक संमती दिली ती याच युटा राज्याने. बंदी देशभर उठली. युटात मात्र दुकानांतल्या बिअरचा तो आकडा २०१९पर्यंत टिकून राहिला.

आता माणसांकडे येऊ. दिग्दर्शक जेम्स मेरेंडिनो याच गावात वाढलेला. त्याने ऐकीव पंक दाखवलेला नाही, हे दर फ्रेममध्ये जाणवतं. स्टीवोचं काम मॅथ्यू लिलार्डने केलंय, आणि तो सबंध वेळ आपल्याशी बोलतो. प्रसंग चालू असताना मध्येच वळतो, कॅमेऱ्यात बघतो, माहिती देतो, वाद घालतो. आपल्याला हे नवं नाही. तमाशातला सोंगाड्या किंवा नाटकातला सूत्रधार हेच करतो. पण इथे एक मेख आहे. स्टीवो बोलतो ते भूतकाळात. पडद्यावर निळ्या केसांचा पोरगा धुडगूस घालतोय, आणि त्याचाच आवाज 'तेव्हा आम्ही असे होतो' म्हणतोय. म्हणजे सांगणारा स्टीवो त्या सगळ्यातून बाहेर पडलेला आहे. पहिल्या मिनिटापासून त्याला शेवट माहीत आहे. एकविसाव्या वर्षी आम्हाला हे ऐकूच आलं नव्हतं.

स्टीवो नुकताच पदवीधर झालाय, तेही उत्तम गुणांनी. वडील वकील, गाडीही झोकात. ते त्याला हार्वर्डला कायदा शिकायला पाठवू पाहतात. आई-वडील साठच्या दशकात हिप्पी होते, युद्धविरोधी, प्रेम-शांतीवाले, आणि आता घटस्फोट घेतलेले सुखवस्तू. स्टीवो त्यांना तोंडावर सुनावतो की तुम्ही विकले गेलात. त्यावर वडील शांतपणे जे उत्तर देतात ते इंग्रजीत दोन शब्दांच्या खेळावर उभं आहे. 'सेल आउट' म्हणजे तत्त्वं विकून मोकळं होणं. वडील म्हणतात, मी विकलो गेलो नाही, मी 'बाय इन' केलं. मराठीत आणायचं तर: मी दुकान सोडून पळालो नाही रे, मी त्यात भागीदारी घेतली. होस्टेलवर या वाक्याला आम्ही हसलो होतो. बापाने हुशारीने सारवासारव केली, असं वाटलं होतं. आज ते वाक्य ऐकताना मी वडिलांचं काम करणाऱ्या क्रिस्तोफर मॅक्डोनाल्डच्या चेहऱ्याकडे बघत होतो. त्या माणसाला लाज वाटत नाहीये. मुलाबद्दल राग नाहीये. कधीतरी हाही इथवर येणार, ही खात्री आहे, आणि मुलगा तेव्हा जवळ असावा, एवढीच त्याची धडपड.

स्टीवो स्वतःला अराजकवादी म्हणवतो. अराजक म्हणजे दंगल, हा आपला नेहमीचा समज. पण विचार म्हणून अराजकवाद सांगतो की माणसावर माणसाची सत्ता नको, ना सरकारची, ना मालकाची, ना धर्मगुरूची. लोक आपसात समजुतीने जगू शकतात. स्टीवोला हे पाठ आहे, आणि तो ते छान समजावतो. गावातल्या तरुणांच्या टोळ्यांची तो आपल्याला यादीच देतो: पंक, मॉड म्हणजे नेटक्या सुटातले, निओ-नाझी, खेड्यातले रांगडे गोरे, हेवी मेटल संगीतवाले. कोण कुणाला मारतो, का मारतो. फक्त जॉन नावाचा एक मॉड या सगळ्यांत सहज ये-जा करतो. आणि सांगता सांगता स्टीवो स्वतःच अडखळतो. मारामारी म्हणजे कोण वरचढ ते ठरवणं. वरचढ असणं म्हणजे सत्ता. सत्ता आली की सरकार आलं. मग मारामारी करणारा अराजकवादी कसला? उत्तर त्याच्याकडे नाही, आणि पुढच्या प्रसंगात तो पुन्हा मारामारी करतो.

त्याच्या आजूबाजूची माणसं हाच प्रश्न निरनिराळ्या वाटांनी त्याच्यासमोर आणतात. जेसन सीगलने साकारलेला माइक चष्मेवाला, साध्या कपड्यांतला, कॉलेजच्या ग्रंथालयात शोभेल असा. भांडणात मात्र सगळ्यांत भयंकर तोच. पंक दिसण्यात असता, तर माइक त्या टोळीत एक दिवसही टिकला नसता. शॉन नावाचा मित्र एलएसडी या भास घडवणाऱ्या ड्रगच्या अतिरेकाने भ्रमिष्ट होतो, आईवर सुरी घेऊन धावतो, आणि पुढे रस्त्यावर भीक मागताना भेटतो. त्या भेटीत स्टीवोची सगळी बडबड आटते. आणि एका पार्टीत ब्रँडी नावाची श्रीमंताघरची मुलगी त्याला अगदी सहज विचारते: निळा रंग विकत आणायचा, असे कपडे शोधत फिरायचं, यात एवढा वेळ घालवला नसतास, तर ते जास्त मोठं बंड झालं नसतं का?

प्रश्न हेब्डिजचाच, फक्त गोड आवाजात.

इथे 'पोझर' हा शब्द समजून घ्यायला हवा. पंकमध्ये ही सगळ्यांत वाईट शिवी. नुसता वेश घेणारा, आतून कोरा. टिळा-माळ घातली म्हणून कुणी वारकरी होत नाही, हे आपल्याकडे शतकानुशतकं बजावलेलं आहे, आणि तरी टिळा-माळेवाचून वारकरी ओळखायचा कसा, हाही प्रश्न उरतोच. पंकची अडचण तीच. 'आम्ही तुमच्यासारखे नाही' हे दाखवायला खूण लागते. खूण घेतली की तिची नक्कल होते. नक्कल झाली की अस्सल कोण याची चौकशी सुरू होते. ज्यांना कुणाचं राज्य नको होतं, तेच एकमेकांचे दरोगे होऊन बसतात. धर्मप्रचारकाचा टाय आणि स्टीवोचे निळे केस यांत रंगाचा फरक आहेच, पण दोन्हीकडे कुणीतरी गणवेश तपासतो आहे. आणि अस्सलपणाची ही चिंता विसाव्या वर्षी किती खरी असते! आम्हीही त्या खोलीत कोण काय ऐकतो यावरून माणसं तोलली आहेत. एका मित्राला केवळ त्याच्या गाण्यांवरून महिनोन् महिने दूर ठेवलं होतं. त्याचं मला आज वाईट वाटतं.

आणि या सगळ्यात बॉब.

त्याला सगळे 'हेरॉइन बॉब' म्हणतात, कारण तो हेरॉइनला शिवत नाही. सुयांना घाबरतो, डॉक्टरला घाबरतो, कुठलंही रसायन अंगात जाईल म्हणून धास्तावतो. सिगारेट आणि दारू चालते. त्याच्या डोक्याने ही विभागणी केलेली आहे. मायकेल गोर्जियनने हा माणूस इतक्या हळुवारपणे उभा केलाय की स्टीवोच्या बडबडीत तो पटकन नजरेत भरत नाही. त्याच्याकडे सिद्धान्त नाही. वाढदिवसाला तो बापाला भेटायला जातो, तर दारूत बुडालेला बाप मुलाला ओळखत नाही. हेर आलेत असं समजून बंदूक घेऊन मागे लागतो. स्टीवोला नाकारायला एक श्रीमंत, शहाणा बाप आहे. बॉबला नाकारायलाही काही नाही. त्याच्याकडे आहे ती टोळी, आणि ट्रिश. ट्रिश त्याच्यावर प्रेम करते, आणि तोही तिच्यावर करू लागलाय. ॲनाबेथ गिशची ट्रिश ही या गोष्टीतली एकमेव प्रौढ व्यक्ती असावी.

मग एका पार्टीत बॉबचं डोकं दुखतं. कुणीतरी गोळ्या देतं. त्या साध्या आहेत असं समजून तो घेतो, वर दारू पितो. त्या गोळ्या असतात पर्कोडॅनच्या. त्यात ऑक्सिकोडोन असतं, अफूच्या कुळातलं, म्हणजे हेरॉइनचंच भावंड. मेंदूत श्वासाची लय राखणारी जी यंत्रणा असते तिला हे औषध मंदावतं. दारूही तेच करते. दोन्ही एकत्र आली की झोपेत श्वास उथळ होत जातो, लांबत जातो, आणि थांबतो. तडफड नाही, आवाज नाही. शेजारी झोपलेल्यालाही कळत नाही. सकाळी स्टीवो त्याला उठवायला जातो.

मॅथ्यू लिलार्डचा तो प्रसंग मी इथे वर्णन करणार नाही. फक्त एक सांगतो. जो पोरगा दीड तास अखंड बोलत होता, ज्याच्याकडे सरकारपासून बिअरपर्यंत प्रत्येक गोष्टीवर सिद्धान्त होता, त्याच्या तोंडून तिथे लहान मुलासारखा टाहो फुटतो. मित्राला तो रागावतो, विनवतो. आता मी काय करू, माझा एकच मित्र होतास, एवढंच त्या रडण्यातून कळतं.

होस्टेलवर आम्ही समजलो होतो की बॉबच्या मरणाने स्टीवोला 'धडा' मिळाला, म्हणून तो सुधारला. हे साफ चूक आहे, आणि त्यासाठीच मला हा लेख लिहायचा होता. ड्रग्ज न घेणारा माणूस ड्रगने मरतो, त्यात कसला धडा? वडिलांचा युक्तिवादही स्टीवोने तोवर पचवलेला होता. ब्रँडीचा प्रश्न ऐकूनही तो निळ्या केसांनीच फिरत होता. त्याचा विचार वादात हरला नाही. ज्याच्यासोबत तो विचार जगायचा, तो माणूस गेला. दोघांचं मिळून एक गाव होतं. उरलेल्या एकट्याने ते चालवायचं कसं? स्टीवोचं मोठं होणं हा एक शोक आहे. अंत्यसंस्काराला तो भादरलेल्या डोक्याने आणि साध्या कपड्यांत येतो, तेव्हा आपल्या घरातलं सुतकच मला आठवलं. निळे केस वडिलांनी उतरवले नाहीत, हार्वर्डनेही नाहीत.

त्यानंतरचं त्याचं निवेदन मात्र कठोर आहे. आपण शेवटी नुसते पोझरच निघालो, असं तो स्वतःला म्हणतो. व्यवस्थेत शिरून तिची जास्त मोडतोड करता येईल, असंही म्हणतो. हे वडिलांचंच वाक्य आहे, नव्या कपड्यांत. तेव्हाचा मी आजच्या मला भेटलो असतो, तर बडवून काढलं असतं, हेही कबूल करतो. त्याचं हे स्वतःला पोझर ठरवणं मला पटत नाही. मित्रावर इतकं प्रेम करणारा माणूस सोंग घेत नव्हता. केस रंगवलेले होते, बाकी सगळं खरं होतं. पण तेवीस-चोविसाव्या वर्षी, मित्राला पुरून आल्यावर, माणूस स्वतःला याहून वाईटही म्हणतो.

१९९९ साली चित्रपटगृहांत आल्यावर हा चित्रपट चालला नाही. अमेरिकेत तिकीटबारीवर ३ लाख डॉलरच्या आसपास जमले. पुढे व्हिडिओ कॅसेट आणि डीव्हीडीवरून तो हातोहात फिरला, आणि अशाच चित्रपटांना 'कल्ट' म्हणतात: थोड्यांनाच आवडलेले, पण त्यांना आयुष्यभर पुरलेले. आमच्या अडकणाऱ्या सीडीपर्यंत तो पोचला तो याच वाटेने.

आणि त्या सीडीवर जे कधीच दिसलं नाही, ते मी परवा पाहिलं. निवेदन संपल्यावर चित्रपट काही वर्षं मागे जातो. स्टीवोच्या घराचं तळघर. शाळकरी वयाचे स्टीवो आणि बॉब. स्टीवोपुढे राक्षस-योद्ध्यांच्या खेळाचा पट मांडलेला, आणि तो लांबलचक रॉक गाणी ऐकतोय. दोघांचे केस साधे, कपडे साधे. कुणी बघत नाहीये, कुणाला काही दाखवायचं नाहीये. बॉबने एक कॅसेट आणलीय. स्टीवोला ती आधी नकोच आहे, हे काय भलतंच, असा त्याचा चेहरा. बॉब म्हणतो, ऐक तर खरं. आणि लावतो.